खुलताबादचा पहिला औलिया कोण?



‘खुलताबाद’ म्हटलं की आज समोरच्याच्या डोळ्यांपुढे एकच कबर येते. मार्च २०२५ मध्ये ती हटवण्याच्या मागणीवरून नागपुरात हिंसाचार झाला, खुलताबादेत पोलिसांचा पहारा बसला, पाठोपाठ गावाचं नाव रत्नपूर करायची भाषा सुरू झाली. त्या दिवसांत ऑफिसमधल्या एका मित्राने मला विचारलं, “तुमच्या त्या गावात त्या कबरीशिवाय दुसरं काय आहे रे?” प्रश्नात खोच नव्हती. त्याला खरंच माहीत नव्हतं. वाईट याचं वाटतं की हाच प्रश्न आपल्या मोहल्ल्यातल्या दहा पोरांना विचारला तर आठजण “बहुत सारे औलिया हैं” एवढंच सांगतील.

म्हणून आज मी औरंगजेबाच्या कबरीवर बोलणार नाही. रस्त्याच्या पलीकडच्या कबरीवर बोलणार आहे.

आधी जागेचा हिशोब सांगतो. औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरजवळ वारला आणि त्याला इथे आणून शेख जैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. मृत्यूनंतर त्याला ‘खुल्द-मकान’ म्हणू लागले, त्यावरून गावाचं नाव खुलताबाद झालं. त्याआधी गावाचं नाव होतं रौजा. आमच्याकडची म्हातारी माणसं आजही “रौजे को जाना है” असंच म्हणतात. म्हणजे बादशहा या गावात पाहुणा आहे, आणि तोही उशिरा आलेला. जैनुद्दीन वारले १३६९ मध्ये. त्यांचे मुर्शिद शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब १३३७ मध्ये. त्यांचा दर्गा रस्त्याच्या पलीकडे, जैनुद्दीनच्या दर्ग्यासमोर. आणि गावाबाहेर ज्यांचा मोठा उरूस भरतो ते मुन्तजबुद्दीन, ज्यांना सगळे ‘जर जरी जर बक्ष’ म्हणतात, ते परंपरेप्रमाणे बुऱ्हाणुद्दीनचे भाऊ आणि वारले १३०९ मध्ये.

दख्खनमध्ये चिश्ती सिलसिल्याची स्थापना कुणी केली, या प्रश्नाचं उत्तर या दोन भावांच्या कबरींमध्ये अडकलेलं आहे.

आपण सगळ्यांनी ऐकलेली गोष्ट अशी. दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन औलियांनी मुन्तजबुद्दीनना सातशे औलियांसह दख्खनला पाठवलं. कुणी सातशे पालख्या सांगतं, कुणी चौदाशे. इथे येऊन ते काही वर्षांत वारले. एक दिवस दिल्लीत निजामुद्दीनांनी बुऱ्हाणुद्दीनना सहज विचारलं, तुझा भाऊ तुझ्याहून मोठा होता की धाकटा? ‘होता’ हा शब्द ऐकून बुऱ्हाणुद्दीन समजले. मग पीरांनी त्यांना भावाच्या जागी दख्खनला जायला सांगितलं. गोष्ट म्हणून मला ही फार आवडते. एका क्रियापदात मृत्यूची बातमी सांगणारी गोष्ट कोणत्याही भाषेत चांगलीच म्हणायची.

मी इतिहासाचा पदवीधर नाही, इंजिनिअर आहे. आमच्या धंद्यात एक सवय अंगात मुरते. प्रोग्रॅम विचित्र वागायला लागला की आधी नोंदी उघडायच्या: कोणती ओळ कधी आली, कुणी घातली, त्याआधी काय होतं. शेवटची आवृत्ती सगळ्यात देखणी असते, पण काय झालं होतं ते जुन्या आवृत्तीत सापडतं. खुलताबादच्या बाबतीत सुदैवाने जुन्या आवृत्त्या शिल्लक आहेत, आणि हे मध्ययुगातल्या फार थोड्या दर्ग्यांच्या वाट्याला आलेलं भाग्य आहे.

बुऱ्हाणुद्दीन जिवंत असताना त्यांच्या मजलिशीत काशानी घराण्यातले भाऊ बसत आणि शेख काय बोलले ते लिहून ठेवत. अशा नोंदींना मलफूजात म्हणतात. रुकनुद्दीन काशानींचं ‘नफाइसुल-अन्फास’, हम्माद काशानींचं ‘अहसनुल-अक्वाल’, मज्दुद्दीन काशानींचं ‘गराइबुल-करामात’. भाषा फारसी, काळ चौदाव्या शतकाचा पूर्वार्ध. दिल्लीच्या बाजूने अमीर खुर्द यांचं ‘सियरुल-औलिया’ आहे, फिरोज तुघलकाच्या काळातलं. अमेरिकेतले अभ्यासक कार्ल अर्न्स्ट यांनी हे सगळं ताडून १९९२ मध्ये ‘इटर्नल गार्डन’ हे पुस्तक लिहिलं. आपल्या गावावरचं इतकं कष्टाचं पुस्तक एका परक्याने इंग्रजीत लिहिलं. मराठीत त्या तोडीचं पुस्तक मी अजून शोधतोय.

आता तारखा जुळवून पाहू. गोष्टीप्रमाणे भाऊ वारल्यावर, म्हणजे १३०९ नंतर लगेच, बुऱ्हाणुद्दीन निघायला हवेत. पण ‘सियरुल-औलिया’त ते निजामुद्दीनांच्या अखेरच्या काळापर्यंत दिल्लीतच दिसतात, आणि निजामुद्दीन वारले १३२५ मध्ये. मग बुऱ्हाणुद्दीन इथे आले कधी? १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने देवगिरीला दौलताबाद करून राजधानी हलवली आणि दिल्लीतले उलेमा, मशायख, अंमलदार यांना दख्खनला धाडलं. त्या लोंढ्यात आले. पीराच्या स्वप्नातल्या हुकमाने आले असते तर गोष्ट सुंदर झाली असती. प्रत्यक्षात ते सुलतानाच्या फर्मानाने आले. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांची बदली झाली होती, आणि तेव्हा त्यांचं वय सत्तरी ओलांडलेलं होतं.

आणि मुन्तजबुद्दीन? इथे अडचण आहे. ज्या भावाने दख्खनमध्ये पहिलं पाऊल टाकलं, ज्याच्या मागे शेकडो औलिया आले, त्याच्याविषयी धाकट्या-थोरल्या भावाच्या मजलिशीच्या या जुन्या नोंदींमध्ये जवळजवळ काही सापडत नाही. अर्न्स्ट यांनी याच मुद्द्यावर बोट ठेवलंय. सोन्याचं झाड, पालख्यांची रांग, दख्खनचा पहिला चिश्ती म्हणून मान, हे सगळं पुढच्या शतकांतल्या चरित्रांमध्ये हळूहळू भरत गेलं. याचा अर्थ कबरीत कुणी नाही असा होत नाही. एवढाच होतो की कबर जुनी आहे आणि तिच्यावरची गोष्ट नवी.

“मग काय बिघडलं? गोष्ट आहे, श्रद्धा आहे, राहू द्या की.” हे मला अनेकांनी म्हटलंय. मीही म्हटलं असतं. पण या गोष्टीला आणखी एक थर चढला आहे आणि तो आपल्या मुळावर येतोय.

त्या थरात हे औलिया हातात तलवार घेऊन येतात. राजाशी लढतात, किल्ले जिंकतात, शहीद होतात. सातशे पालख्यांच्या जागी सातशे गाझी. उरुसाच्या दिवसांत मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ बघा. मागे ढोल, पुढे घोडे, कुठल्या तरी तुर्की मालिकेतली दृश्यं, आणि त्यावर आपल्या औलियांची नावं. आपली पोरं छाती फुगवून ते स्टेटसला ठेवतात. तीच क्लिप दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गटात जाते आणि तिथे वर लिहिलेलं असतं: बघा, हे स्वतःच सांगतायत आक्रमण करून आलो म्हणून. एकाच व्हिडिओवर दोन्ही बाजू खूश.

आता जुन्या नोंदी काय सांगतात? अलाउद्दीन खिलजीने देवगिरी १२९६ मध्ये लुटली, पुढे मलिक काफूर आला, मग कुतबुद्दीन मुबारक खिलजीने १३१८ मध्ये यादवांचं राज्य संपवलं. या फौजा होत्या, त्यांचे सरदार होते, त्यांचा पगार ठरलेला होता. यात खानकाहातला एकही दरवेश सेनापती नाही. बुऱ्हाणुद्दीनची मलफूजात काढली तर तिथे काय आहे? पाहुण्याला आधी जेवायला घालावं. मुर्शिदसमोर कसं बसावं. उपास, नमाज, रात्रीची इबादत. समा कुणी ऐकावा आणि कुणी ऐकू नये. सुलतानाकडून आलेले पैसे गरिबांत वाटून टाकणं. तलवार नाही. इथे सर्वांनाच खटकेल अशी एक गोष्टही सांगतो: तिथे धर्मांतराची मोहीमसुद्धा नाही, आणि आपण चौकाचौकात ज्याची भाषणं देतो ते हिंदू-मुस्लिम ऐक्यही नाही. हिंदूंचा विषयच क्वचित निघतो. ही माणसं आपल्या नफ्सशी झगडण्यात इतकी गुंतलेली होती की सहाशे-सातशे वर्षांनंतरच्या आपल्या भांडणांसाठी त्यांनी दारूगोळा ठेवलेला नाही.

दुसऱ्या टोकाची सोयही मला मान्य नाही. ‘सुफी म्हणजे फक्त प्रेम’ असं म्हणून हात झटकता येत नाहीत. राजधानी हलवणारा सुलतान होता, फर्मान त्याचं होतं, जिंकलेल्या मुलखात वस्ती करायची म्हणून ही माणसं आणली गेली. बुऱ्हाणुद्दीन वारल्यावर दर्ग्याला बहामनी, फारुकी, मुघल, निजाम सगळ्यांचा आश्रय मिळाला. फारुकींनी तर तापीकाठी शहर वसवून त्याला त्यांच्या नावाने बुऱ्हाणपूर म्हटलं, समोरच्या काठावर जैनाबाद. पहिला निजाम आसफजाह आणि त्याचा मुलगा नासिरजंग बुऱ्हाणुद्दीनच्याच आवारात दफन आहेत. सत्तेला संताच्या पायाशी जागा हवी असते, कारण तिथे जियारतीला येणारा आपल्यालाही फातेहा देऊन जाईल अशी तिला आशा असते. औरंगजेबाने वेगळं काही केलं नाही.

पण याच कबरीची एक उलटी गोष्टही आहे. फिरिश्ता या इतिहासकाराने ती लिहून ठेवली आहे. बहामनी सुलतान मुहम्मदशहा पहिला याला शेख जैनुद्दीन मान देत नव्हते, कारण तो उघड दारू पीत असे. सुलतानाने शेखना दौलताबाद सोडून जायचा हुकूम दिला. जैनुद्दीन निघाले ते थेट मुर्शिदच्या, म्हणजे बुऱ्हाणुद्दीनच्या कबरीपाशी आले. हातातली काठी जमिनीत रोवली, मुसल्ला अंथरला आणि बसले. म्हणाले, आता मला इथून कोण उठवतो ते बघू. अखेर सुलतान नमला आणि राज्यातली दारूची दुकानं बंद झाली. फिरिश्तानेही ही गोष्ट दोन शतकांनंतर लिहिली आहे, तेव्हा तिलाही तीच चाळणी लावा. तरीही, तलवारवाल्या गोष्टी सोडून आपल्या पोरांना खुलताबादची एकच गोष्ट सांगायची झाली तर मी ही सांगेन. राज्यकर्त्यासमोर न उठणारा म्हातारा, आणि त्याचा आधार एक साधी कबर.

याच जैनुद्दीननी पुढे कुणालाच खलिफा नेमलं नाही, असं दिसतं. म्हणजे संस्थापक इथे जेमतेम दहा वर्षं जगला, त्याच्या वारसाने गादी रिकामी ठेवली, आणि सिलसिला कबरींच्या रूपाने राहिला. गादीवर कुणी बोलणारा नसला की कबरीच्या तोंडी काहीही घालता येतं. गोष्टी का वाढल्या याचं निम्मं उत्तर मला इथे दिसतं.

संस्थापकाविषयीही एकमत नव्हतं. अमीर खुर्द लिहितात की म्हातारपणात पाय दुखतात म्हणून बुऱ्हाणुद्दीन घोंगडीची घडी करून तिच्यावर बसत. कुणीतरी निजामुद्दीनांच्या कानावर घातलं की हा तर शेख असल्यासारखा गादीवर बसतो. पीर नाराज झाले, त्यांना समोर येऊ देईनात. शेवटी अमीर खुसरो गळ्यात पगडी अडकवून मध्यस्थीला गेले तेव्हा माफी मिळाली. दिल्लीच्या ग्रंथात ते एक मुरीद, चूक झालेले आणि माफ झालेले. दख्खनच्या ग्रंथांत ते निजामुद्दीनांचे निर्विवाद वारस. दोन्ही ग्रंथ त्यांना ओळखणाऱ्या पिढीतले. मला घोंगडीवाले बुऱ्हाणुद्दीन जास्त जवळचे वाटतात. आणि ‘गरीब’ या त्यांच्या नावाचा अरबी अर्थ नुसता निर्धन असा नाही. परका, घरापासून तुटलेला, असाही आहे. हांसीत जन्मले, दिल्लीत वाढले, सत्तरीत दौलताबादला हलवले गेले. नाव बरोबरच होतं.

संस्थापकाच्या कबरीवरून वाद होणं ही आपलीच खासियत नाही. हजरत अली ६६१ मध्ये कुफ्यात शहीद झाले. त्यांची कबर नजफला, हे बहुतेक सगळे मानतात. पण बाराव्या शतकात बल्खजवळच्या लोकांना स्वप्नं पडली की अली आपल्याकडे आहेत, तिथे मजार उभी राहिली आणि अफगाणिस्तानातल्या त्या शहराचं नावच मजार-ए-शरीफ झालं. कबीरांची मगहरला समाधी आणि मजार शेजारी-शेजारी. गुरू नानकांची कर्तारपूरला तसंच. आपल्या शिर्डीत १९१८ साली साईबाबा गेल्यावर त्यांना कुठे ठेवायचं यावरून हिंदू-मुसलमान भक्तांत वाद झाला, मग बुटींच्या वाड्यात समाधी झाली.

आणि शिर्डीपर्यंत तरी कशाला जायचं? खुलताबादहून परतताना घाट उतरला की दौलताबाद लागतं. तिथे चांद बोधल्यांचं स्थान आहे, दर्ग्याच्या घडणीचं. पैठणच्या एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी, ते दौलताबादचे किल्लेदार. त्यांची समाधी किल्ल्यावर. जनार्दनस्वामींचे गुरू कोण? एक परंपरा सांगते, साक्षात दत्तात्रेय, आणि ते मलंगाच्या वेषात भेटले. दुसरी सांगते, चांद बोधले. रा. चिं. ढेरे यांनी या चांद बोधल्यांचा शोध घेतला आणि ते कादिरी परंपरेतले सुफी असल्याचं मांडलं. ‘योगसंग्राम’ लिहिणारे श्रीगोंद्याचे शेख महंमद चांद बोधल्यांना गुरुस्थानी मानतात. हे मान्य केलं तर वारकऱ्यांच्या घरोघरी वाचल्या जाणाऱ्या नाथांचा आजेगुरू एका दर्ग्यात झोपलाय. ज्यांना हे जड गेलं त्यांनी दत्ताला फकिराचे कपडे घातले. मला त्यात चीड येण्यासारखं काही दिसत नाही. देवाला मलंगाचा वेष द्यावा लागला, यातच त्या काळाच्या दौलताबादचं चित्र आहे.

पण आपल्या बाजूने काय झालं? चांद बोधले हिंदूंनी ‘घेतले’ असं वाटून आपण त्यांच्याकडे पाठ फिरवली. खुलताबादला जाणाऱ्या किती जणांनी घाटाखाली उतरून तिथे फातेहा दिलाय? हात वर करायला सांगत नाही.

आपल्यातला तिसरा वाद तुम्हाला माहीत आहे. कबरीवर जाणंच शिर्क, असं म्हणणारे मित्र या सभागृहातही असतील. त्यांच्याशी मी फिकहवर भांडणार नाही, तेवढा माझा अभ्यास नाही. फक्त एवढं सांगतो की तुम्ही जियारत करू नका, पण वाचायला काय हरकत आहे? कबर नको असलेल्या माणसाला तर मलफूजात जास्त उपयोगी पडतील. आणि ज्यांना चादर चढवायची आहे त्यांनाही माझी हीच विनंती आहे. बुऱ्हाणुद्दीनच्या दर्ग्यात पैगंबरांचा केस, जैनुद्दीनच्या दर्ग्यात पैरहन मुबारक जपलंय. पैरहनच्या दर्शनाला ईद-ए-मिलादला रांगा लागतात. त्या रांगेतल्या किती जणांना ‘नफाइसुल-अन्फास’ हे नाव ऐकून माहीत असेल?

म्हणून एक काम सुचवतो. आपल्या शहरात फारसी वाचणारे बुजुर्ग अजून आहेत, थोडेच आहेत आणि दर वर्षी कमी होतायत. मराठी लिहिणारे तुम्ही आहात. मलफूजातमधल्या दहा मजलिशी, फक्त दहा, फारसीतून थेट मराठीत आणू. इंग्रजीवरून नको. हस्तलिखितांच्या प्रती ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी घेऊन फोटो काढू, तांत्रिक बाजू मी सांभाळतो. ज्यांना भाषा येत नाही त्यांच्यासाठी दुसरं काम आहे: खुलताबादच्या कोणत्या कबरीबद्दल आज कोणती गोष्ट सांगितली जाते, हे ऐकून नोंदवायचं. हीसुद्धा एक आवृत्ती आहे, आणि पन्नास वर्षांनी कुणीतरी ती शोधत येईल.

पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता मध्यवर्ती बसस्थानकावर भेटू. मुलींनीही यावं, संयोजकांनी तशी सोय केली आहे. आधी बुऱ्हाणुद्दीन, मग रस्ता ओलांडून जैनुद्दीन. तिथेच बादशहाची कबर आहे, तीही बघा, पण गर्दी तिथेच थांबेल, आपण थांबायचं नाही. मग अमीर हसन सिज्झी, निजामुद्दीनांचं ‘फवाइदुल-फुआद’ लिहिणारे, तेही याच मातीत आहेत. त्यांच्या शेजारी आझाद बिलग्रामी, ज्यांनी अठराव्या शतकात या औलियांवर फारसीत पुस्तक लिहिलं. मलिक अंबर वाटेत येईल. शेवटी मुन्तजबुद्दीन. परतताना दौलताबादला उतरायचं, चांद बोधल्यांकडे. पाण्याची बाटली आणि वही आणा. आणि मुन्तजबुद्दीनच्या दर्ग्यात खादिम साहेबांना अदबीने विचारा, पालख्या किती होत्या. ते जो आकडा सांगतील तो त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून घ्या. त्यांच्याशी वाद घालू नका.